मद्यसंशय

तुम्ही मला मारायला निघालाय, आणि तेही माझ्या बायकोच्या बोटानं.

'तुम्ही' म्हणजे नेमके कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. उपचार केंद्रात विचारलं की ते वर बोट दाखवतात. वर विचारलं की सांगतात, नियम समितीनं केले. समितीला पत्ता नाही, दार नाही, साधी खुर्ची नाही. म्हणून ज्यानं तो नियम लिहिला, ज्यानं त्यावर सही केली आणि ज्यानं सही होताना खिडकीबाहेर बघितलं, त्या सगळ्यांना मिळून मी 'तुम्ही' म्हणतो. राग आला तर येऊ दे. तुमच्या रागानं माझं आता काय वाकडं होणार आहे?

मी दयानंद आवळे. कोल्हापुरात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो आणि हलगी वाजवतो. कव्हरं पोटासाठी. हलगी कशासाठी, ते सांगत बसलो तर विषय बाजूला राहील. आजा वाजवायचा, बाप वाजवायचा, मी वाजवतो. बाप दारूनं गेला, म्हणून मी दारूला कधी ओठ लावला नाही. हे वाक्य मी इतक्या जणांपुढं बोललोय, की आता माझं मलाच ते घोकून पाठ केल्यासारखं वाटतं. ही तुमची करामत.

माझं यकृत काविळीनं गेलं. लहानपणी कधीतरी अंगात शिरली आणि वर्षानुवर्षं गप्प बसून पोखरत राहिली. तुमच्या योजनेत नाव घालायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या माणसानं विचारलं, "काम?"

"सीट कव्हर."

"आणखी काही?"

"हलगी वाजवतो."

त्यानं मान वर केली. "मग पिणं किती आहे?"

"पीत नाही."

"हलगीवाला आणि पीत नाही?" तो शेजारच्याकडं बघून हसला. शेजारचाही हसला. मग माझ्या आडनावाकडं परत एकदा बघून त्यानं काहीतरी टाईप केलं. काय ते मला दिसलं नाही. पण ते हसणं मात्र अजून दिसतं.

तुमची योजना काय आहे, हे वाचणाऱ्याला कळायला पाहिजे, म्हणून सांगतो. चांगल्याला चांगलं म्हणायची माझी तयारी आहे.

माझ्याच कातडीतल्या पेशी घेतात, त्यांना मागं नेऊन कोवळ्या करतात आणि त्यांच्यापासून यकृताच्या पेशी घडवतात. जेलीसारख्या साच्यात त्या रुजल्या की बिस्किटाएवढ्या चकत्या होतात. कागदावर त्यांना लांबलचक नाव आहे. रांगेतले पेशंट त्यांना वडी म्हणतात. पहिल्या टप्प्यात पोटाच्या उजव्या अंगाला, कातडीच्या लगेच खाली, अशा चार वड्या बसवतात. त्या धरल्या की दुसरा टप्पा: टाकीत वाढवलेला यकृताचा मोठा तुकडा पोटात शिवायचा. तो खरा इलाज. वड्यांच्या जोरावर माणूस फक्त दिवस ढकलतो.

वडीचं दुखणं एकच, श्वास. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी रक्तवाहिनीला जवळजवळ खेटून असते. एक-दोन केसांच्या जाडीएवढं अंतर, बस. त्यापलीकडं ऑक्सिजन पोचत नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या वडीत रक्तवाहिन्या नसतात. शरीरानं त्या हळूहळू तिच्यात घालायच्या, रोपानं मुळं सोडावीत तशा. तोवर मधल्या पेशी गुदमरू शकतात. म्हणून आत ऑक्सिजन किती आहे ते सारखं बघावं लागतं, आणि सारखी सुई खुपसता येत नाही.

त्यावरचा तोडगा देखणा आहे. वडीत एका खास रंगाचे बारीक कण पेरलेले असतात. हिरवा उजेड पडला की ते तांबडे चकाकतात. ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला की तो ही चकाकी काढून घेतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर चकाकी मंद, आणि वडी गुदमरायला लागली की निखारा फुलल्यासारखी लाल. कातडीवर नाण्याएवढा बिल्ला चिकटवलेला असतो. तो हिरवा उजेड आत सोडतो, परत येणारी लाली मोजतो आणि आकडा फोनवर पाठवतो. सुई नाही, रक्त नाही.

एवढ्यावर थांबला असता तर मी तुमच्या पाया पडलो असतो.

पण तुमच्यातल्या एका हुशार माणसाच्या लक्षात आलं, की यकृताच्या पेशी दारू जाळताना जास्तीचा ऑक्सिजन खातात. म्हणजे माणूस प्याला, की वडीतला ऑक्सिजन उतरणार. म्हणजे हा बिल्ला श्वासही मोजतो आणि माणसावर पाळतही ठेवतो. झालं. तुम्ही नियम केला: आकडा रेषेखाली गेला, तर 'मद्यसंशय'. तीन मद्यसंशय झाले, की दुसरा टप्पा रद्द.

वर प्रत्येक पेशंटला घरचा एक साक्षीदार द्यायला लावलात. इशारा त्याच्या फोनवरही जातो. 'रुग्णाने मद्यपान केले आहे काय?' असा प्रश्न येतो आणि खाली दोन बटणं. एक 'होय'. दुसरं 'खात्री नाही'.

'नाही' असं बटण तुम्ही ठेवलेलं नाही.

माझी साक्षीदार राजश्री, माझी बायको.

*

पहिला इशारा आला तो चंद्रसेन तालमीच्या संघानं फुटबॉलची फायनल मारली त्या दिवशी. कोल्हापुरात फायनल मारणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पूर्वी पोरं पोत्यातनं गुलाल उधळायची, आता ड्रोन वरून ओततात. बघता बघता आख्खी पेठ गुलाबी. मी हलगीवर, नंदू कवाळे कैताळाच्या झांजांवर. नंदू माझा लहानपणापासूनचा दोस्त. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, गुलाल गळ्यातनं पोटापर्यंत ओघळलेला. वड्या बसवून बरेच महिने झाले होते, डॉक्टरनी वाजवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मला बरं वाटत होतं. लई दिवसांनी.

घरी आलो तर राजश्री दारातच उभी, हातात फोन.

"तोंड उघडा."

"आत तर येऊ दे."

"आधी तोंड उघडा, म्हणतेय ना."

उघडलं. तिनं वास घेतला. "वडा खाल्लाय."

"मग वड्याचाच वास येणार की."

"माझा बाप वेलदोडा चघळून यायचा. आईला सात-आठ वर्षं वेलदोड्याचाच वास आला." तिनं फोन माझ्यापुढं धरला. आकडा रेषेच्या पार खाली गेलेला. "हे काय मग?"

"मला काय ठाऊक? यंत्र बिघडलं असेल."

"डॉक्टर म्हणाले होते, यंत्र खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलतो?"

ती दोन बटणांकडं बघत राहिली, मग एक दाबलं आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. मी तिथंच उभा. थोड्या वेळानं आतनंच म्हणाली, "खात्री नाही, ते दाबलं. दुसरं काय दाबणार?"

तुमच्या नियमात हेही लिहिलेलं आहे, सगळ्यात बारीक अक्षरात: साक्षीदाराची खात्री नसल्यास संशय कायम समजावा.

दुसरा इशारा जोतिबाच्या डोंगरावर, चैत्र यात्रेत. देवाच्या उंच सासनकाठ्या नाचत होत्या, पायाखालची फरशीसुद्धा गुलाबी झाली होती. या वेळी राजश्री सोबत होती. दुपारपर्यंत माझ्या नजरेतनं हलली नाही, की मी तिच्या. मग गर्दीनं काठी ओढली, आम्ही वाजवत पुढं गेलो, ती मागं राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

तिनं परत 'खात्री नाही' दाबलं, आणि परतताना नंदूला गाठलं. "नंदूभावजी, खरं सांगा. ह्यांनी घेतली?"

नंदू उखडला. "वहिनी, आम्ही ह्याच्या हातात सरबताचा ग्लास दिला तर हा आधी हुंगून बघतोय. हा काय पिणार? ह्याच्या वाटची आम्हीच पितोय कवापासनं."

शेवट त्यानं चेष्टेवर नेला. पण ते 'सरबत' माझ्या डोक्यात बसलं. वर डोंगरावर नंदूनंच मला सरबत दिलं होतं. फायनलच्या दिवशीही त्यानंच. रात्रभर मी त्या सरबताची चव आठवत राहिलो. आंबट होतं का? जिभेला लागलं होतं का? सकाळी त्याच्या दुकानात जाऊन मी त्याला विचारलं, "सरबतात काय घातलंवतंस?"

नंदूनं हातातला चहा खाली ठेवला. "परत म्हण."

"काय घातलंवतंस?"

"लिंबू," तो म्हणाला. "आणि मर्दा, तुझ्या घरातनं मला जे भाकरीचं तुकडं मिळालं, त्याची आण. चल, चालता हो."

एका बिल्ल्यानं बायको तोडली, एका बिल्ल्यानं दोस्त. तुम्हाला वाटत असेल, बिल्ला एकच होता. आमच्या घरात तो दोन्हीकडनं कापत होता.

मी केंद्रात जाऊन म्हणालो, रक्त घ्या माझं, आत्ता घ्या. तुमचे समन्वयक म्हणाले, "योजनेत ती तपासणी बसत नाही." मी बाहेर पैसे घालून करून घेतली. महिनाभरात प्यालो असतो तरी दिसली असती अशी तपासणी. स्वच्छ. तुम्ही म्हणालात, बाहेरचा रिपोर्ट ग्राह्य नाही.

राजश्री म्हणाली, "हलगी सोडा."

"हलगीचा काय संबंध?"

"हलगी घेऊन गेलात की हुतं. घरात असताना होत नाही. संबंध तुम्ही सांगा."

मी हलगी यात्रेतल्याच गुलालानं माखलेल्या टॉवेलात गुंडाळली आणि खुंटीला टांगली. त्यानंतर उन्हाळा सरला, पाऊसकाळ गेला, एकदाही इशारा आला नाही. बघा कसं झालं ते. हलगी सुटली आणि 'दारू' सुटली. नातेवाईक म्हणाले, शाबास दया. मेहुणा म्हणाला, "दाजी, मनावर घेतलं की सुटतंय बघा." मी जी कधी घेतली नाही, ती सोडल्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं, आणि राजश्री प्रत्येक कौतुकाला मान डोलवत होती. घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. मला मात्र कळत होतं, की तिच्या मते मी दारू सोडलेला माणूस आहे. दारू न पिणारा माणूस नाही. ह्या दोन माणसांत किती अंतर असतं, ते एकाच ताटात जेवून बघा म्हणजे कळेल.

*

मग खंडेनवमी आली.

आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा. माझी हत्यारं म्हणजे शिलाई मशीन, कात्री आणि हलगी. आंघोळीच्या आधी मी हलगी खुंटीवरनं उतरवली आणि टॉवेलासकट फळीवर ठेवली. बिल्ला आठवड्यातनं एकदा काढून पुसायचा असतो. काढला की तो मी स्टीलच्या वाटीत पालथा घालायचो. मग फोनवर 'बिल्ला अंगावर नाही' एवढंच यायचं. त्या दिवशी वाटी पूजेच्या ताटात गेली होती. मी बिल्ला हलगीवरच्या टॉवेलावर टेकवला आणि न्हाणीत शिरलो.

डोक्यावर दुसरा तांब्या ओतला आणि दारावर थापा पडल्या.

"उघडा! आधी दार उघडा!"

"काय झालं?"

"सणासुदीचं तरी सोडायचं होतं! आत बाटली घेऊन बसलाय काय?"

मी साबणानं भरलेल्या अंगानं दार उघडलं. तिच्या हातात फोन कोकलत होता. आकडा तळाला. खाली तोच प्रश्न, तीच दोन बटणं. तिची नजर माझ्या तोंडावरनं पोटावर गेली. पोट उघडं. बिल्ल्याच्या जागी पांढरा गोल तेवढा.

"बिल्ला कुठाय?"

"हलगीवर."

ती फळीकडं गेली. मी मागनं टॉवेल गुंडाळत. बिल्ला त्या गुलाबी टॉवेलावर बसून हिरवा उजेड मिचकावत होता. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो.

"मग प्यालं कोण?" ती म्हणाली.

"हलगी," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिनं बिल्ला उचलून टॉवेलाच्या पांढऱ्या काठावर ठेवला. फोन गप्प. परत गुलालावर ठेवला. फोन कोकलला. देव्हाऱ्याच्या पाटावर ठेवला, गप्प. माझ्या यात्रेतल्या टोपीवर ठेवला, कोकलला. परत टोपीवर. परत टॉवेलावर. ती थांबेना. मी म्हणालो, "अगं बास, कळलं." तर म्हणाली, "नाही. मला खात्री करू दे. मला एकदा खात्री करू दे." आणि मग खाली बसली आणि रडायला लागली. तशी रडताना मी तिला आमच्या लग्नात पाहिली होती, त्यानंतर त्या दिवशी.

रडता रडता तिनं फोन उचलला. पडद्यावर प्रश्न अजून होताच. आता तिची खात्री होती. आयुष्यात कशाची नव्हती एवढी. आणि दाबायला बटण नव्हतं.

आम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती. बिल्ला टोपीवर ठेवला, टॉवेलावर ठेवला, त्यातली प्रत्येक वेळ फोननं तुमच्याकडं पाठवली होती. तिनं जेवढ्या वेळा खात्री करून घेतली, तेवढे मद्यसंशय माझ्या नावावर चढले. संध्याकाळी निरोप आला. तीनची मर्यादा ओलांडली. दुसरा टप्पा रद्द. सणाच्या शुभेच्छा.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही केंद्रात गेलो. राजश्रीनं हलगी टॉवेलासकट बरोबर घेतली. रिक्षावाला म्हणाला, "कुठं कार्यक्रम?" ती म्हणाली, "हाय एका ठिकाणी."

बिल्ले तपासायला तिथं शमा मुल्लाणी म्हणून तंत्रज्ञ आहेत. 'होत्या' म्हणायला पाहिजे, कारण आमच्या भेटीनंतर आठवडाभरात तुम्ही त्यांची बदली केलीत. त्यांनी टॉवेल हुंगला, बोटावर गुलाल घेतला, खोलीतला दिवा मालवून त्यावर हिरवी बॅटरी मारली. बोट नारिंगी पेटलं. राजश्री दचकून मागं सरली.

"स्वस्तातल्या गुलालात कापड रंगवायचा गुलाबी रंग असतो," शमाताई म्हणाल्या. "हिरव्या उजेडात तोही चकाकतो. घामाबरोबर बिल्ल्याखाली उतरला, की बिल्ल्याला वाटतं, वडीच एवढी लाल झाली. म्हणजे ऑक्सिजन संपला."

"मग हे आधी कुणाला सुचलं नाही?"

त्यांनी दाराकडं बघून घेतलं. मग कपाटातनं एक जुना, जाडजूड बिल्ला काढला आणि माझ्या पोटावर, गुलाल लावलेल्या बोटानं मुद्दाम फराटा ओढून, त्यावर धरला. आकडा आला. चांगला, भरपूर ऑक्सिजनचा. वड्या मजेत श्वास घेत होत्या.

"हा लाली किती आहे ते मोजत नाही," त्या म्हणाल्या, "ती किती वेळ टिकते ते मोजतो. उजेडाचा एक झटका देतो आणि क्षणभर थांबतो. गुलालाची चमक सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात मरते. वडीच्या कणाची त्याच्या हजारो पट जास्त टिकते. आपण थांबलो की गुलाल विझलेला असतो. उरलेली चकाकी फक्त वडीची. ती लवकर विझली तर ऑक्सिजन आहे, रेंगाळली तर नाही."

मी म्हणालो, "म्हणजे गुलाल हलगी आणि वडी घंटा. हलगीवर टिपरू पडलं की आवाज तिथंच संपला. घंटा वाजत राहते. दोन्ही एकदम वाजवले, तर हलगी थांबेपर्यंत गप्प बसायचं आणि मग घंटा ऐकायची."

"तसंच."

"आणि माझा बिल्ला?"

"तो थांबत नाही. थांबायला भारी चिप लागते. पहिल्या वर्षी हेच जाड बिल्ले होते. मग वरून बदलले." जुना बिल्ला त्यांनी घाईघाईनं कपाटात ठेवला.

"ताई, हे तुम्ही वर कळवलं होतं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्याच्याही तऱ्हा असतात. ही कळवलेल्या माणसाची होती.

बाहेरच्या काचेतनं टाक्यांची खोली दिसते. तिथं एका टाकीत माझा तुकडा आहे. तळहाताएवढा, काळपट तांबडा, पाण्यात हलणारा. माझ्याच कातडीतनं निघालेला, मला सोडून जगात कुणाच्याच अंगी न लागणारा. शमाताई म्हणाल्या होत्या, तो पिकलाय, दिवाळीच्या आत शिवला नाही तर आतनं मरायला लागेल. मी काचेला नाक लावून बघत होतो, तेव्हा टाकीच्या बाजूला चिकटवलेलं यंत्र दिसलं. हिरवा झटका. मग अंधार. मग परत झटका. मध्ये ते थांबत होतं.

जाड बिल्ला.

टाकीला गुलाल लागत नाही. टाकी मिरवणुकीत जात नाही, टाकीला बायको नाही. तरी टाकीला थांबणारा बिल्ला, आणि माणसाला न थांबणारा.

आम्ही समन्वयकांच्या खोलीत गेलो. तुमचे समन्वयक वाईट माणूस नाहीत. पाणी दिलं, बसा म्हणाले. राजश्रीनं सगळं सांगितलं, हलगी टेबलावर ठेवून, एकही शब्द न अडखळता. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हे पहा वहिनी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तुम्ही स्वतःच सांगताय की बिल्ला अंगावरून काढून इतर वस्तूंवर ठेवला. याला नियमात छेडछाड म्हणतात. ते वेगळं कलम लागेल."

"अवो, पण त्याशिवाय कळणार कसं?" राजश्री म्हणाली.

"कळून घेणं हे केंद्राचं काम आहे."

"मग घ्या की कळून!"

"आणि तुम्ही साक्षीदार म्हणून दोन्ही वेळा 'खात्री नाही' नोंदवलंय. आज तुम्ही म्हणता खात्री आहे. कशावर विश्वास ठेवायचा?"

मी उठलो. त्यांच्या खुर्चीमागं एक मोठं यंत्र होतं, सगळे बिल्ले ज्याच्यावर पारखून पेशंटना देतात ते. केंद्रातही खंडेनवमी झाली होती. यंत्राला झेंडूचा हार होता आणि कपाळपट्टीवर ठसठशीत गुलाबी स्वस्तिक, दोन दिवसांचं, अजून ओलसर दिसणारं. मी पोटावरचा बिल्ला ओढून काढला आणि त्या स्वस्तिकावर चिकटवला.

आधी राजश्रीचा फोन कोकलला. मग समन्वयकांचा, टेबलावर, त्यांच्याच हातापाशी. त्यांनी खाली बघितलं. मी उलटंही वाचू शकत होतो: रुग्ण आवळे. मद्यसंशय.

मी उघड्या पोटानं त्यांच्यापुढं उभा होतो. यंत्र हार घालून मागं उभं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "ह्याचा वास घेऊन बघता काय?"

बाहेर शिपाई फिसकन हसला. समन्वयकांच्या तोंडावरही, देवाशपथ, क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी फोन पालथा घातला. "लेखी द्या," ते म्हणाले. "मी वर पाठवतो."

येताना मी नंदूच्या दुकानावर थांबलो. राजश्रीच पुढं झाली आणि म्हणाली, "भावजी, सरबतात लिंबूच हुतं." नंदूनं माझ्याकडं बघितलं नाही. तिच्याकडं बघून म्हणाला, "हुतंच की. बसा, च्या सांगतो." मला च्या मिळाला. पण कप त्यानं माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला. तेवढं अजून राहिलंय.

*

तर हे लेखी.

वर म्हणजे तुम्ही. तुम्ही हे वाचताय, आणि टाकीत माझा तुकडा पिकून बसलाय, आणि दिवाळी जवळ येतीय. मला माहीत आहे तुम्ही काय कराल. फाईल खाली पाठवाल, खालचे परत वर पाठवतील. तोवर तो तुकडा आतनं काळा पडेल, आणि ते मात्र तुम्हाला वेळेवर कळेल, कारण त्याला थांबणारा बिल्ला आहे. त्याचा ऑक्सिजन जरा उतरला तर तुमचा माणूस पळत जातो. माझा उतरला तर तुम्ही माझ्या तोंडाचा वास विचारता.

मी एकटा नाही. रांगेत माझ्यामागं मंडप घालणारा आहे, देवळाबाहेर गुलाल विकणारी बाई आहे, बैलगाडी शर्यतीतला एक जण आहे. तिघंही रद्द. तिघंही म्हणे पितात. ती बाई तर मला म्हणाली, "मला वास नुसता आला तरी वकारी येती रे बाबा." कोण कोण रद्द झाले, त्यांची कामं काय, आडनावं काय, हे तुम्ही कधी मांडून बघितलंय? की बघितलंय, आणि म्हणूनच गप्प आहात?

राजश्री आता माझ्याशेजारी बसलीय. हलगी तिच्या मांडीवर आहे. ती म्हणते, एवढं सगळं लिहू नका, एकच विचारा. म्हणून एकच विचारतो.

न थांबणारा बिल्ला गुलाल आणि गुदमरणं यातला फरक ओळखत नाही, हे माहीत असताना तुम्ही तो माणसांना लावलात काय?

मी तुमच्यासारखा नाही. तुमच्यासाठी मी बटणं तीन ठेवलीयत. होय. नाही. खात्री नाही.

तिसरं दाबलंत तर त्याचा अर्थ काय धरायचा, हे तुम्हीच लिहून ठेवलंय.

दाबा.